आ वासलेला तीन

४ जानेवारी

चि. काडीस,
मामाचे भरपूर आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, कुणी भिंतीवरची जाहिरात उतरवून पाठवलेली नाही. जाड पेन घेतलंय आणि एका ओळीत मावतील तेवढेच शब्द लिहितोय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शेवटी निकाल दिला. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला, कडा शाबूत आहेत. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. तुझ्या मामीचे कान इतके सुबक आहेत हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. तसं तिला सांगितलं, तर म्हणाली, आता तरी लक्ष गेलं.

घड्याळदुरुस्ती मागेच सुटली. तिचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण घड्याळं दुसऱ्यांची होती. नाणी मात्र माझी. आयुष्यभर मी ब्रिटिश पेन्या जमवल्या त्या किमतीसाठी नाही, फरकासाठी. एकाच वर्षाची दोन नाणी, सगळं जग म्हणतं सारखीच, आणि भिंगाखाली कळतं की टांकसाळीत मधेच साचा बदललाय, एखादा आकडा सरकलाय, एखादं अक्षर दोनदा ठोकलं गेलंय. तो फरक पकडण्यात सगळी गंमत. आता मला प्रत्येक पेनी तपकिरी बटणासारखी दिसते. बटणंच जमवायची असती तर शिंपी झालो असतो.

म्हणून ठरवलं. नाण्यांचा तो व्यापारी, ज्याला आपण घरात टोपीवाला म्हणतो, या महिन्याअखेर येऊन सगळा संग्रह घेऊन जाईल. तो हुशार आहे आणि नाण्यांना नीट सांभाळेल, फक्त ती टोपी तो झोपतानाही काढत नसावा.

त्याआधी एकच काम राहिलंय. डोळे जाण्याच्या थोडं आधी मी एका लिलावातून १९०२ च्या चार पेन्या घेतल्या होत्या, त्या पाहायच्या राहून गेल्या. मागच्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे हातात त्रिशूळ घेतलेली इंग्लंडची देवी, बसलेली आहे आणि तिच्यामागे समुद्र. नेहमीच्या नाण्यावर समुद्राची रेषा तिचे दोन्ही पाय जिथे एकमेकांवर येतात तिथे लागते. काही थोड्या नाण्यांवर ती त्याच्या खाली असते. त्याला आम्ही ओहोटीची पेनी म्हणतो. ती मला कधी सापडली नाही. विकत मिळते, पण विकत घेतलेली सापडलेली नसते.

तू दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा आणि भिंग लावून बघतेस. या चार बायकांकडेही एकदा बघ. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, असं मामीचं म्हणणं आहे.

तुझा मामा


११ जानेवारी

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

पाकीट पोचलं. हे पत्र मोठ्या अक्षरात छापलंय. दवाखान्यात ‘येताना दात घासून या’ अशी पाटी आहे, तिचंच माप घेतलं.

तुझे चारही पेशंट शेवटच्या माणसानंतर तपासले. खुर्चीवर हिरवा कागद अंथरला, वरचा दिवा खाली ओढला, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला आणि ब्रिटानियाबाईंना एकेक करून आत घेतलं. आमची मदतनीस बाई दारातून बघत होती. तिने विचारलं, मॅडम, यांची कवळी कुठंय. मी म्हटलं, या मामाकडच्या आहेत, यांना कवळी लागत नाही.

पहिलीचं नाक पार गेलंय. दुसरीच्या त्रिशुळाचा मधला दात झिजलाय. चौथीला कुणीतरी भोक पाडून गळ्यात घातलेलं दिसतं. या तिघींची रेषा पाय जुळतात तिथेच लागते. नाण्याच्या कडेला बारीक दातांची रांग असते हे मला माहीतच नव्हतं. इतकी सरळ दंतपंक्ती रोज बघायला मिळाली तर माझं दुकान बंद पडेल.

आणि तिसरी. मामा, तिसरीची रेषा खाली आहे. चांगलीच खाली. मी दोनदा पाहिलं. तुझी ओहोटी सापडली.

आता बोल. टोपीवाल्याला काय सांगणार? तुझे डोळे गेले असतील, माझे आहेत ना. तू पाकिटं पाठव, मी बघते, तू ठरव. आई म्हणते तू हल्ली दुपारी नुसता बसून असतोस आणि मामीशी भांडतसुद्धा नाहीस. हे मला मुळीच आवडलेलं नाही.

पाकिटात एक पाचवं नाणंही आलंय, १९०३ चं. चुकून आलं असावं, म्हणून नीट पाहिलं नाही. त्यातला तीनचा आकडा तेवढा आ वासून बसलाय, अगदी सकाळच्या पहिल्या पेशंटसारखा. बाकी नुसता मळ.

तुझी काडी


१८ जानेवारी

चि. काडीस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि आणखी एक जास्तीचा.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, मान तिरकी करून, कडेकडेने. ‘ओहोटी सापडली’ इथे आलो आणि पुढचं वाचलंच नाही, थेट मामीकडे स्वयंपाकघरात गेलो. वाटेत स्टूल आडवं आलं, ते पाडलं. तिला वाटलं कुणी गेलं की काय.

टोपीवाल्याला निरोप धाडला की विक्री रद्द. तो म्हणाला, निदान पेनी तरी बघू द्या. मी म्हटलं, जरूर ये आणि येताना जळायची तयारी करून ये. तेव्हा तिसरी तेवढी लगेच पाठव, रजिस्टर टपालाने. बाकीच्या सवडीने आल्या तरी चालतील.

इकडे बराच फरक पडलाय. आज स्वतःहून दाढी केली. मामी म्हणते अर्धीच झालीय, पण ती कडेची अर्धी असल्यामुळे मला पूर्ण दिसते. टेबल खिडकीपाशी ओढलं, डब्यांवरची धूळ झटकली आणि कुठल्या डब्यापासून तुला पाठवायला सुरुवात करायची यावर आमचं चांगलं भांडण झालं. तुझी आई सारखी मामीकडे माझी विचारपूस करते, तिला कळव, म्हणजे तिच्या जिवाला स्वस्थता.

राणीच्या वेळच्या काही पेन्या आहेत, त्यांच्यावर तारखेखाली साच्याचा बारीकसा आकडा असतो. फार थोड्या नाण्यांवर. मी मेल्यावर त्या शोधायला कुणी बसणार नाही असं वाटलं होतं. आता तू आहेस.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. आधी टपालात गर्दी, मग दवाखान्यात गर्दी, मग खुर्चीचा पाय बिघडला. सोबत ओहोटीची पेनी पाठवतेय. नव्या पाकिटात घातलीय, जुनं फाटलं होतं. बाकीची चार माझ्याकडेच राहू देत.

टोपीवाला येऊन गेला की कळव. मामीला नमस्कार. जास्त लिहीत नाही, पेशंट वाट बघतायत.

काडी


१२ फेब्रुवारी

चि. काडी,

टोपीवाला येऊन गेला. पेनी भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिली, मग म्हणाला, ओहोटीचीच आहे, आणि चांगल्या अवस्थेतली आहे. मामीने त्याला चहा दिला. तो खूश होऊन गेला, कारण तो मनाने वाईट माणूस नाही.

तो गेल्यावर मी पेनी हातात घेऊन बसलो. चारही पेन्या आकडे घातलेल्या पुड्यांत भरून तुला पाठवण्याआधी मी त्यांच्या कडेवरून नख फिरवलं होतं. डोळे गेल्यापासून ही सवय लागलीय, घड्याळजीची बोटं दुसरं करणार काय. तिसरीच्या कडेला, बाईच्या पावलाखाली, एक खाच होती. नख अडकायचं. या पेनीला खाच नाही. तुमच्या धंद्यात खड्डा भरता येतो, काडी. नाण्यात येत नाही.

म्हणजे पेनी खरी आहे, ओहोटी खरी आहे, फक्त माझी नाही. कुठून आणलीस ते विचारत नाही. का आणलीस ते मला कळतं, आणि त्यासाठी मी तुझ्यावर चिडू शकत नाही, म्हणून जास्त चिडलोय.

मला वाईट कशाचं वाटलं ते स्पष्ट लिहितो. मी तुझ्याकडून डोळा उसना घेतला होता. उसना डोळा जर मला आवडेल तेच दाखवायला लागला, तर त्यापेक्षा न दिसलेलं बरं. न दिसणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपल्याला दिसत नाही. तू पुढे जे लिहिशील, ते खरं की माझ्या तब्येतीसाठी लिहिलेलं, हे मी कसं ओळखू? प्रत्येक वेळी नाण्याला खाच असणार नाही.

टोपीवाल्याला पुन्हा बोलावलंय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन सगळं घेऊन जाईल. माझी चार नाणी तेवढी परत पाठव, म्हणजे डबा पुरा होईल.

मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामा,

तू ‘तुझा’ न लिहिता नुसतंच ‘मामा’ लिहिलंस, ते मला पहिल्या वाचनातच दिसलं.

होय. तिसरीची रेषा बाकीच्यांसारखीच आहे. चारही भरतीच्याच. मी भिंगातून बघितलं, खाली बसले, आणि मला आईचं बोलणं आठवलं की तू दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसतोस. तुझा संग्रह गेला की तू त्या भिंतीकडेच बसून राहणार, हे मला दिसत होतं. मग लिहून टाकलं. एका वाक्याने काय बिघडतं, असं वाटलं. तू स्टूल पाडलंस तेव्हा कळलं काय बिघडलंय.

मग इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. तुझ्या पत्रातलं पायांचं आणि समुद्राचं वर्णन दुकानदाराला तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही बऱ्याच वर्षांपासून जमवताय वाटतं. मी म्हटलं, मामा जमवतो. त्याने शोधून दिली. किंमत विचारू नकोस, मी त्या पैशात एकाची अक्कलदाढ काढली असं समज, आणि खरं तर माझीच काढायला हवी होती.

पेशंटला मी कधी खोटं सांगत नाही. दात वाचणार नसेल तर वाचणार नाही म्हणते, मग तो कितीही केविलवाणं बघो. तुझ्या बाबतीत तेवढी हिंमत झाली नाही, कारण तू पेशंट नाहीस. मला माफ कर आणि संग्रह विकू नकोस. रागाने तर मुळीच विकू नकोस.

सोबत तुझी चार नाणी, जशीच्या तशी. पाचवं, ते १९०३ चं, तुझ्या कामाचं नव्हतं, म्हणून त्यावर मी थोडी मेहनत घेतली. वरचा मळ खरवडला, मग दातांना लावतो ती पॉलिशची पेस्ट लावून मशीनच्या रबराच्या टोपीने सगळीकडून घासलं. असं लखलखतंय की मदतनीस बाईने त्यात केस नीट केले. समेटाची भेट समज. नवंकोरं तुझ्या हातात पडावं एवढंच मनात होतं.

तुझी (तू काहीही म्हण) काडी


२० फेब्रुवारी

चि. काडी,

हे पत्र मिळताच हातातलं काम टाक, पेशंट तोंड उघडून बसला असेल तर तसाच बसू दे.

काल रागाने तुझी जुनी पत्रं पुन्हा काढली. डोळे थकले म्हणून मामीला वाचायला सांगितली. खोटं कुठून सुरू झालं ते मला नीट ऐकायचं होतं. तिने तुझं पहिलं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मी ते शेवटपर्यंत कधी वाचलंच नव्हतं, ओहोटीपाशीच उठलो होतो. शेवटी होतं की १९०३ च्या नाण्यातला तीन आ वासून बसलाय.

मामीला म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मी तिला ते वाक्य इतक्या वेळा वाचायला लावलं की ती म्हणाली, आता मीच आ वासते.

काडी, त्या वर्षीच्या पेन्यांवरचा तीन मिटलेला असतो, दोन्ही टोकं आत वळलेली. उघड्या तोंडाचा तीन एका वेगळ्या साच्यातून आला, आणि तसली नाणी इतकी थोडी आहेत की त्यापुढे ओहोटीची पेनी म्हणजे किरकोळ. जी सापडतात ती बहुतेक झिजलेली. मी आयुष्यात एकही हातात धरलेली नाही. ती माझ्या पाकिटात चुकून येऊन पडली आणि तू ती ओळखलीस, म्हणजे ओळखली नाहीस, नुसती पाहिलीस. मला खूश करायचं नव्हतं, तिथे तू सहज खरं लिहून गेलीस. तुझ्या डोळ्यात खोट नाही, हे मला त्या एका वाक्याने कळलं. मागच्या पत्रातलं माझं बोलणं मी अर्धं मागे घेतो.

नाण्याला हात लावू नकोस. कापसात गुंडाळ, श्वाससुद्धा बाजूला घे. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली, कारण नाणी जमवणाऱ्याला ती सांगावी लागत नाही, बाळाला इस्त्री करू नये हे सांगावं लागत नाही तशी. नाणं कधी साफ करायचं नसतं. मळासकट ठेवायचं. साफ केलं की संपलं, मग त्याला कुणी विचारत नाही.

तू अर्थातच काही केलं नसशील.

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. तू ते लिहिलंस त्याच्या आदल्याच दिवशी माझं पार्सल निघालं होतं, आतापर्यंत पोचलंही असेल.

मी खुर्चीवर बसलेय, पेशंटच्या. मदतनीस बाईने पाणी आणून दिलंय. इतक्या वर्षांत माझ्या हातून चांगला दात कधी निघाला नव्हता. आज निघाला.

काय लिहू. तू सांगशील ते करीन.

काडी


३ मार्च

चि. काडीस,
पोटभर आशीर्वाद.

आता रडणं थांबव. (तू रडत असशील असं मामी म्हणते. मी म्हटलं, डॉक्टर रडत नाहीत. ती म्हणाली, भाच्या रडतात.)

मी पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझं पार्सल आलं. मामीने उघडलं आणि ‘हे तर नवंकोरं दिसतंय’ म्हणाली, त्यावरूनच मी समजलो. तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. रबराच्या टोपीपाशी पोचली तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं, पुढचं उद्या. दोन दिवस आम्ही ते नाणं कपाटात ठेवलं. खोटं कशाला सांगू, जीव हळहळला. मनात आलं, या पोरीने ओहोटी आणली तेव्हा खोटी आणली आणि खरी वस्तू होती ती घासून टाकली.

रविवारी टोपीवाला खोकी घेऊन आला. म्हटलं, सगळं न्यायचंच आहेस तर हेही बघ. मी पॉलिशचं काही सांगितलं नव्हतं. त्याने नाणं भिंगाखाली धरलं आणि काडी, त्याने टोपी काढली. मामी नंतर म्हणाली डोक्यावर एकही केस नाही. मला फक्त कान दिसले. तो म्हणाला, ‘उघडा तीन. आणि कुणीतरी याचा खून केलाय.’ मी म्हटलं, माझ्या भाचीने, अतिशय प्रेमाने. त्याने सांगितलं, हे मळकटच राहिलं असतं तर मी तुमच्या सगळ्या संग्रहापेक्षा या एकट्याला मान दिला असता, आता हे कुणी घेणार नाही, मीही नाही. मग तो डबे खोक्यात भरायला लागला.

मामीने ते नाणं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. उन्हात. तिथे ठेवतात का नाणं, म्हणून मी तिच्याकडे मान वळवून रागवायला लागलो, आणि नजरेच्या कडेला काहीतरी चमकलं. मान हलवली की ते जायचं, म्हणून तशीच वाकडी ठेवली आणि रागवणं अर्ध्यात सोडलं. गोल होतं. आता कुठलंच नाणं मला गोल दिसत नाही, टेबलाच्या रंगात मिसळून जातं. हे दिसत होतं. मामीकडून माझं घड्याळाचं जुनं भिंग मागितलं, ते डोळ्याच्या कोपऱ्याला तिरकं लावलं, नाणं उन्हात हळूहळू फिरवलं. बाई बसलेली दिसली. तिच्या पायांखाली तारीख. एक आला, नऊ आला, शून्य आलं. मग तीन आला, जबडा पूर्ण उघडून, अगदी तू लिहिलं होतंस तसाच.

मी म्हटलं, ‘मला तीन दिसतो.’

मामीने विचारलं, कुठला तीन. टोपीवाल्याने डबा हातातच धरून ठेवला. मला रडू आलं, आणि रडलो की तेही दिसेना, म्हणून आवरलं.

काडी, हे जर मळकट राहिलं असतं, तर ते माझं सगळ्यात दुर्मिळ नाणं झालं असतं आणि मी ते कधीच पाहिलं नसतं. तू ते जगासाठी निकामी केलंस आणि मला दाखवलंस. रोज सकाळी ऊन खिडकीत येतं तेव्हा मी त्याला बघतो. मामी म्हणते, माझे कान मागे पडले.

टोपीवाल्याला मी खोकी रिकामी करायला लावली. तो कुरकुरला नाही. जाताना म्हणाला, घासलेलं नाणं बघून इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि दारातून परत फिरून आणखी एकदा त्या तीनाकडे बघून गेला. तुझी विकतची पेनी मामीने तिच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीय. टेबल आता हलत नाही. डब्यातली ओहोटीची जागा मोकळीच आहे. ती आपल्याला सापडली तर भरू, नाही सापडली तर राहू दे.

सोबत पहिलं पाकीट आहे, राणीच्या वेळच्या पेन्या. तारखेखाली बारीक आकडा आहे का तेवढं बघायचं. मळ जिथल्या तिथे ठेव, पेस्ट आणि रबराची टोपी माणसांसाठी वापर. आणि जे दिसेल तेच लिही. काही नसेल तर ‘काही नाही’ एवढंच लिही. तेही मी शेवटपर्यंत वाचीन.

तुझा मामा